पंचवीस हजारात गाडीचं खालचं काम

गाडीची आजची किंमत तीन-साडेतीन लाख आणि सस्पेन्शनचं भारी किट घ्यायला गेलं की साठ-सत्तर हजार, हे गणित आपल्यासारख्यांच्या घरात बसतच नाही. तरी पण जुनी गाडी घाटात धरून चालावी, खड्ड्यात धाडकन आपटू नये, मागे बसलेल्या माणसाची कंबर शाबूत राहावी असं वाटणं चुकीचं नाही ना. म्हणून हे सविस्तर लिहितोय. माझं बजेट २५ हजार, गाडी २०१३ची स्विफ्ट पेट्रोल, आणि रस्ता म्हणाल तर कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. गाव खाली कोकणात आहे, आई-अण्णा सोबत असतात, येताना तांदळाचं पोतं, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या, म्हणजे गाडी रिकामी अशी क्वचितच असते. ज्यांची गाडी आणि रस्ता साधारण असाच आहे त्यांना याचा उपयोग होईल, ट्रॅकवर गाडी पळवायची असेल तर तो विषय पूर्ण वेगळा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच सुटतात. स्प्रिंग वजन उचलते आणि शॉकअप त्या स्प्रिंगला आवरतो. बस. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग दबते, मग ती सगळी ताकद परत बाहेर टाकते, आणि कोणी आवरलं नाही तर वर-खाली, वर-खाली करत बसते. शॉकअपच्या आत पिस्टन असतो, तो तेलातून सरकतो, तेलाला बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून वाट काढावी लागते, त्या अडथळ्यात स्प्रिंगची ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावला तर गरम लागतो. हे तेल गळालं किंवा आतले व्हॉल्व्ह झिजले की आवरणारं कोणी राहत नाही आणि आपण म्हणतो "स्प्रिंगा बसल्या, कडक टाकू". बहुतेक वेळा स्प्रिंगा धडधाकट असतात, गेलेला असतो शॉकअप. आणि गेलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की तिला आवरणं आणखी अवघड होतं, म्हणजे पैसे घालून दुखणं वाढवल्यासारखं.

घाटात याचा परिणाम नुसत्या आरामापुरता राहत नाही. वळणावर ब्रेक मारताय आणि नेमका तिथेच उखडलेला पॅच आला, तर शॉकअप गेलेलं चाक उड्या मारतं. ज्या क्षणी ते जमिनीवर टेकलेलं नसतं त्या क्षणी त्या चाकाला ना ब्रेक ना स्टेअरिंग. कुंभार्लीत पावसाळ्यात धुकं असतं, समोरून ट्रक येत असतो, अशा ठिकाणी मला चारही चाकं जमिनीला चिकटून हवीत, गाडी किती खाली बसलेली दिसते याच्याशी काही देणंघेणं नाही. म्हणून मी सस्पेन्शनला हौसेच्या खर्चात धरतच नाही, ते ब्रेकच्या शेजारी बसतं.

आता काय गेलंय ते शोधायचं कसं. बरेच जण सांगतात बोनेटवर जोर देऊन दाबा आणि सोडा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला. हे अर्धवट खरं आहे, पूर्ण मेलेला शॉकअप त्यात कळतो पण अर्धा गेलेला कळत नाही. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. चाकाच्या नक्षीवरून तळहात सावकाश गोल फिरवायचा, आधी एका दिशेने मग उलट. ठिकठिकाणी उथळ खळगे पडल्यासारखं लागलं, म्हणजे थोडं उंच, थोडं खोल, परत उंच, तर ते चाक रस्त्यावर नाचत होतं असं समजा. नुसती आतली किंवा बाहेरची कड झिजली असेल तर अलाइनमेंटकडे बघायचं. मग शॉकअपच्या नळीवर बघा, नुसता तेलाचा हलका थर आणि त्यावर धूळ एवढं चालतं, पण नळी ओली असेल आणि खालपर्यंत ओघळ आला असेल तर तो गेला.

दुसरी तपासणी स्टेअरिंगची. गाडी उभी, इंजिन चालू, एकाला स्टेअरिंग पूर्ण डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायला सांगा आणि तुम्ही पुढच्या स्प्रिंगवर वरच्या बाजूला बोटं टेकवून ठेवा. स्प्रिंग चाकाबरोबर गुपचूप फिरली पाहिजे. ती अडकते, अडकते आणि मग एकदम टण् करून सुटते, बोटांना झटका लागतो, तेव्हा वरचं माउंटिंग (शॉकअप वर बॉडीला जिथे धरलेला असतो तो भाग) नाहीतर त्याचं बेअरिंग गेलेलं असतं. हा आवाज बऱ्याच गॅरेजमध्ये स्टेअरिंग रॅकच्या नावावर खपवला जातो आणि रॅकचा खर्च किती येतो ते सगळ्यांना माहितीये, म्हणून आधी ही बोटांची तपासणी करा.

तिसरं म्हणजे रबर. आपल्याकडे खालचं काम निघालं म्हणतात त्यात निम्म्याहून जास्त भानगड रबराचीच असते. लोअर आर्मचे (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) बुश म्हणजे सांध्यातली रबरं, स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचे) बुश, तो बार चाकाकडे जोडणारे लिंक रॉड, शॉकअपवरचे बंप स्टॉप म्हणजे पूर्ण दबल्यावर धक्का घेणारे ठोकळे. रॅम्पवर घेऊन आर्म आणि फ्रेमच्या मध्ये पहार घालून हलकं उचकटायचं, बुशला उभ्या चिरा दिसल्या किंवा रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं की बदला. बुश गेलेल्या गाडीला जगातला महागातला महाग शॉकअप लावला तरी ब्रेक मारल्यावर चाक मागे-पुढे सरकणारच, कारण चाकाला जागेवर धरायचं काम बुशचं आहे. माझ्या गाडीत पुढचे दोन्ही स्ट्रट (पुढचे शॉकअप, ज्यांच्यावरच स्प्रिंग बसते) गेलेले, डाव्या माउंटिंगचं बेअरिंग गेलेलं, दोन्ही आर्मचे मागचे बुश चिरलेले आणि मागचे शॉकअप थकलेले असा सगळा हिशोब निघाला.

आणि चौथं, टेप घेऊन मोजा. हे कोणी करत नाही आणि फुकट आहे. सपाट जागेवर गाडी उभी करायची, टायरची हवा बरोबर करायची, मग चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर ते चारही चाकांचं लिहून ठेवायचं. मग नेहमीची माणसं आणि नेहमीचं सामान भरून परत मोजायचं. माझी गाडी रिकामी असताना डावी-उजवी जवळपास सारखी होती आणि भरल्यावर मागून ४५ मिलिमीटर खाली बसत होती. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल किंवा एका कोपऱ्यात स्प्रिंगचं वेटोळं तुटलेलं दिसलं तर स्प्रिंग बदलावीच लागेल, नसेल तर स्प्रिंगांना हात लावायची गरज नाही. ही एक तपासणी केली आणि स्प्रिंगांचा खर्च तिथेच वाचला.

आता बाजारात काय काय मिळतं आणि २५ हजारात त्यातलं काय धरायचं काय सोडायचं.

सगळ्यात स्वस्त प्रकार म्हणजे शॉकअप रिपेअर करून देणारे. जुनी नळी उघडतात किंवा भोक पाडतात, तेल भरतात, वेल्डिंग मारतात, वर काळा रंग देतात, चार-पाचशेत काम. याच्या वाटेला जाऊ नका. आतले झिजलेले व्हॉल्व्ह तसेच राहतात, सील तसंच, तेल कुठलं भरलंय त्याला हिशोब नाही. गॅसवाल्या शॉकअपमध्ये मूळचा दाब निघून जातो तो परत कोणी भरत नाही, आणि मोनोट्यूब (एकाच नळीचा) असेल तर आत साधारण २० ते ३० बार दाब असतो, त्याला ड्रिल लावणं म्हणजे समोरच्याच्या जिवाशी खेळ. बाजारात "रिकंडिशन" नावाने डब्यात घालून विकतात ते पण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरं, स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये घालायचे रबराचे बफर. गाडी वर उठते, ब्रेकरवर खाली घासत नाही, म्हणून खूप खपतात. पण तुम्ही दोन वेटोळ्यांच्या मध्ये रबर कोंबलं की ती वेटोळी काम करायची जवळपास बंद होतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येवर ठरतो, सहा वेटोळी काम करत असतील आणि एक बंद केलं की उरलेली पाच, म्हणजे स्प्रिंग सरळ २० टक्के कडक झाली, आणि शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा. शिवाय रबराखाली पाणी आणि माती साचते, रंग घासून निघतो, गंज तिथूनच सुरू होतो. चिपळूणकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे गंजाची सुरुवात व्हायला असं एक ठिकाण पुरतं. स्प्रिंग कापून गाडी खाली करणाऱ्यांचं पण हेच गणित, वेटोळं कमी म्हणजे स्प्रिंग कडक, वर उंची कमी झाल्यामुळे दबायला जागाही कमी, दोन्ही बाजूंनी नुकसान.

जाता जाता स्प्रिंगच्या तारेबद्दल, कारण हे कळलं की "थोडी जाड स्प्रिंग टाकू" हा सल्ला किती जड आहे ते समजतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरची तार १३ केली, म्हणजे डोळ्याला फरकही दिसणार नाही, बाकी माप तेच ठेवलं तर स्प्रिंग साधारण ३८ टक्के कडक. म्हणून दुसऱ्या मॉडेलची, नाहीतर डिझेल इंजिनवाल्या गाडीची जड स्प्रिंग पेट्रोलला बसते म्हणून बसवून घेऊ नका. डिझेलचं इंजिन वजनदार असतं, ती स्प्रिंग त्या वजनासाठी आहे, पेट्रोलला लावली की गाडीचं नाक वर आणि पुढचं चाक टणाटण.

तिसरं, लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग. मला एका दुकानात अर्धा तास हेच पटवत होते, ३५ मिलिमीटर खाली जाईल, लूक येईल, कॉर्नरिंग सुधारेल, शॉकअप हेच चालतील. आता बघा, या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर. स्पीडब्रेकरचं आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे लांबलचक उताराचा, २५ च्या स्पीडने आरामात ओलांडता येईल असा. गावागावात शाळेसमोर, देवळासमोर जे टाकलेत त्यातले या मापात बसणारे किती ते तुम्हीच आठवा. १७० मधून ३५ गेले, वर मागे माणसं बसून ४५ खाली, मग राहिलं काय. आणि शॉकअप तेच चालतील हे तर अजिबात पटण्यासारखं नाही, मूळ शॉकअप मूळ उंचीला मधोमध काम करेल असा बनवलेला असतो, गाडी खाली आणली की तो कायम दबलेल्या अवस्थेत राहतो आणि जरा खड्डा आला की थेट बंप स्टॉपवर. लोअरिंग करायचंच असेल तर त्याच्या जोडीला आखूड शॉकअप लागतो, बिल्स्टीन या जर्मन कंपनीचा बी८ त्यासाठीच आहे, पण मग आपण २५ हजाराच्या कधीच बाहेर गेलो.

स्वस्तातले कॉइलओव्हर (शॉकअप आणि त्यावर स्प्रिंग असा एकत्र सेट) हा चौथा प्रकार आणि सगळ्यात मोहात पाडणारा. उंची आपली आपण कमी-जास्त, वर गोल बटण, बत्तीस क्लिक. मी सरळ सांगतो, मर्यादित बजेटमध्ये कॉइलओव्हर घेऊ नका. या सेटच्या स्प्रिंगा बऱ्याचदा मूळच्या दुपटी-तिपटीने कडक असतात, गुळगुळीत रस्ता धरून बनवलेल्या, आणि त्या क्लिकमधला फरक स्वस्त सेटमध्ये धड जाणवतही नाही. उंचीसाठी जे आटे असतात त्यात चिखल आणि कोकणातली खारी हवा जाऊन एक-दोन पावसाळ्यात ते असे जाम होतात की मग ॲडजस्टेबल हा शब्द फक्त बॉक्सवर उरतो. शिवाय सील गेलं की त्याचा सुटा भाग मिळवायला वणवण. चांगले कॉइलओव्हर असतात, टाईनचे, बिल्स्टीनचे, पण ते त्यांच्या किमतीत.

कायद्याचं पण लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठामपणे सांगितलंय. मूळ उंचीला, मूळ जागी बसणारा बदलीचा शॉकअप ही देखभाल झाली, पण गाडी खूप वर किंवा खाली नेली तर आरटीओ आणि इन्शुरन्सवाले दोघांनाही प्रश्न विचारायला जागा मिळते.

मग राहिले मूळ उंचीचे चांगले शॉकअप, आणि खरी निवड इथेच आहे. वरच्या टोकाला बिल्स्टीन बी६, कोनी वगैरे. बी६ मोनोट्यूब आहे, तेल आणि गॅस एकाच नळीत पण मध्ये तरंगता पिस्टन, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि बाहेरची नळी थेट हवेत असल्याने थंड लवकर होतो. लांबच लांब खराब रस्त्यावर याचा फायदा खरोखर आहे, ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावा, माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. पण चार नगांची किंमत आणि बुश, माउंटिंग, आर्म हे सगळं धरलं की माझ्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट. आणि बुश न बदलता नुसते बी६ लावणं मला मान्य नाही.

त्याच्या खाली ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी असलेले, गॅस भरलेले किंवा साधे तेलाचे, ज्यात केवायबी, मनरो, गॅब्रिएल आणि कंपनीचे स्वतःचे जेन्युइन पार्ट. आपल्याकडे गॅब्रिएलला लोक उगाच साधं समजतात. गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून आहे, चाकणला कारखाना आहे, आणि कितीतरी कंपन्या नवीन गाड्यांना त्यांचेच शॉकअप लावतात. केवायबी जपानी, तो सुद्धा जगभरातल्या गाड्यांना मूळ पार्ट म्हणून जातो. म्हणजे हे "लोकल" अजिबात नाही. यातला एकच प्रश्न मी विचारात घेतला, मला मूळ जसं होतं तसंच हवंय की थोडं घट्ट हवंय. गाडी भरलेली असते, घाट आहे, पण मागे आई बसते आणि तिला मणक्याचा त्रास आहे, म्हणून मी मूळ स्पेसिफिकेशनचेच घेतले. एकटा किंवा दोघंच फिरणारे असाल, हायवे जास्त असेल, तर गॅसवाला थोडा घट्ट शॉकअप बरा वाटेल.

खरेदी करताना एवढं करा, पार्ट नंबर घेऊनच दुकानात जा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल-डिझेलला, सालाप्रमाणे, डाव्या-उजव्याला वेगळे नंबर असतात. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारला की खरा भाव कळतो आणि फार स्वस्त सांगणारा कोण तेही कळतं. डुप्लिकेट माल भरपूर आहे, म्हणून बॉक्सवरचं होलोग्राम आणि एमआरपीचं लेबल, नळीवर कोरलेला नंबर आणि बॉक्सवरचा नंबर जुळवून बघायचा, आणि पक्कं बिल. बिल नको, स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडून सस्पेन्शनचा पार्ट घ्यायचा नाही. आणि एका ॲक्सलचे दोन्ही एकदमच बदलायचे, एक नवा एक जुना ठेवला तर ब्रेक मारताना गाडी दोन बाजूंना दोन प्रकारे वागते.

मला पडलेला हिशोब असा, भाव गावाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बदलणारच. पुढचे दोन स्ट्रट ५,२००, मागचे दोन शॉकअप २,८००, दोन्ही माउंटिंग बेअरिंगसकट १,८००, दोन्ही लोअर आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट ३,८००, लिंक रॉडची जोडी ९००, बंप स्टॉप आणि धुळीचे बूट चारही बाजूंचे १,२००. मजुरी २,५०० आणि अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००. सगळं मिळून १९,१००. यात बंप स्टॉप आणि बूट हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वगळले जाणारे. बूट फाटका राहिला की धूळ पिस्टनच्या रॉडवर बसते, रॉड वर-खाली होताना तीच धूळ सील खाते, आणि नवा शॉकअप अवेळी गळायला लागतो. शेदोनशेसाठी अडीच हजाराचा पार्ट घालवू नका.

आता फिटिंग. पार्ट चांगला आणि फिटिंग वाईट अशी अवस्था फार गाड्यांची असते, त्यामुळे त्या दिवशी मी सुट्टी काढून गॅरेजमध्ये उभा होतो आणि तुम्हीही राहा असं मनापासून सांगतो. ट्विन ट्यूब शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा जाते. बसवायच्या आधी तो जसा गाडीत उभा बसतो तसाच उभा धरून रॉड सावकाश पूर्ण खाली, पूर्ण वर, असं चार-पाच वेळा करायचं. पहिल्या एक-दोन वेळेला मध्येच पोकळ लागतं, हात घसरल्यासारखा पटकन खाली जातो, मग हळूहळू सगळीकडे सारखा दाब लागायला लागतो. तो सारखा झाला की मगच बसवायचा, आणि त्यानंतर आडवा ठेवायचा नाही.

रॉड फिरू नये म्हणून पक्कडीने धरणारे मेकॅनिक आहेत, तिथे लगेच बोला. त्या रॉडवर क्रोमचा आरशासारखा थर असतो, पक्कडीचा एक ओरखडा सीलला करवतीसारखा कापत राहतो. वरचा नट साध्या पान्याने, रॉडचं टोक ॲलन कीने किंवा त्याला असलेल्या खाचेत धरून आवळायचा, इम्पॅक्ट गन लावायची नाही. पुढची स्प्रिंग दाबायला नीट स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे का ते काम देण्याआधी विचारा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो, तारेने बांधून काम करणाऱ्याकडे गाडी देऊ नका, त्याच्या भल्यासाठी सुद्धा. या स्विफ्टला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत म्हणून मागचं काम पटकन होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक ठिकाणी होत नाही. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना फायनल टाईट करायचे नाहीत. त्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लोखंडी नळ्यांना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, नुसतं पिळवटतं. चाक लोंबकळत असताना आवळलं की गाडी खाली उतरवल्याबरोबर ते रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं, उभ्या गाडीत सुद्धा, आणि मग वर्षभरात चिरा. म्हणून बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-तीनदा पुढे-मागे ढकलून आणि दाबून बसू द्यायची, आणि मग वजन चाकांवर असताना फायनल आवळायचे, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराएवढंच आवळणारा पाना). आमच्या मेकॅनिकला हे सांगितलं तर तो आधी थांबला, मग चार पोस्टच्या रॅम्पवर गाडी घेतली, खाली शिरला आणि त्याने ढिल्ला करून दाखवला तर आर्म खरंच थोडा सरकून आपल्या जागी बसला. त्यानंतर तो स्वतःच दुसऱ्या बाजूचा तसाच करायला गेला. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं, कारण ऐकून घेऊन हाताने खात्री करणारे कमी भेटतात.

फरक काय पडला ते. डांबर चांगलं आहे तिथे सुरुवातीला काही वेगळं वाटत नाही, गाडी थोडी शांत वाटते एवढंच. पण पाटणच्या पुढे पॅच लागले की कळतं, आधी एक खड्डा गेला तरी गाडी पुढे बराच वेळ डुलत राहायची, आता एकदा खाली-वर होते आणि थांबते. घाटात वळणावर ब्रेक मारताना स्टेअरिंग जे हातात थरथरायचं ते पूर्ण गेलं, त्याचं श्रेय मी शॉकअपपेक्षा आर्मच्या बुशला देईन. बॉडी रोल आहे तेवढाच आहे, म्हणजे गाडी वळणावर कलते, पण आता टप्प्याटप्प्याने कलते, एकदम पडल्यासारखी नाही. आई मागच्या सीटवर कोयनानगर ते चिपळूण झोपली. भरलेल्या गाडीला मागून थोडा आधार अजून असता तर बरं झालं असतं, ते मूळ स्प्रिंग ठेवल्यामुळे आहे आणि मला ते चालतं, कारण रिकाम्या गाडीत मागची सीट टणक झालेली मला नको होती.

उरलेले ५,९०० मी टायरसाठी बाजूला काढलेत आणि ते सस्पेन्शनचेच पैसे समजतो, कारण रस्त्याचा पहिला धक्का टायरची भिंतच घेते. माझ्या गाडीला १६५/८० आर१४ आहेत, त्याची भिंत १३२ मिलिमीटर. अलॉय टाकून १९५/५५ आर१६ केलं की भिंत १०७, म्हणजे बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच राहून अडीच सेंटीमीटर रबर आणि हवा गेली, आणि तो धक्का मग थेट त्या नव्या शॉकअपवर आणि बुशवर. १६ इंची अलॉय आणि नवं सस्पेन्शन हे दोन्ही एकाच बजेटमध्ये करू पाहणाऱ्यांनी आधी चौदा-पंधरा इंचीच चांगल्या कंपनीचे टायर घ्यावेत, हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो तिथे बघून भरावी, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे तिथे वेगळे दिलेले असतात.

अलाइनमेंट फिटिंग झाल्यावर लगेच आणि साधारण हजार किलोमीटरनंतर परत एकदा करा, नवे बुश आणि माउंटिंग तोवर बसलेले असतात. दुसऱ्या वेळी जाल तेव्हा पहिल्या वेळचा प्रिंट सोबत न्या आणि टोचे (चाकं समोरून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत त्याचे) आकडे शेजारी ठेवून बघा, सोबत टेपने परत चारही कोपऱ्यांची उंची मोजा. कुठे फरक आला असेल तर पार्टची वॉरंटी चालू असतानाच बिल घेऊन दुकानात जा.